तुम्ही विचारलंत म्हणून: जिमचा उत्साह मी टिकवते कसा

लग्नकार्यात, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, प्रश्न तोच. "एवढा उत्साह कुठून आणतेस गं? आमचं तर पंधरा दिवसांत ढेपाळतं." ज्यांना तो व्हिडिओ माहीत आहे त्या आवाज खाली आणून पुढचंही विचारतात, "आणि त्यानंतर परत गेलीस?" दर वेळी मी "जातेय आपली" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते, कारण माझं ते अर्धवट उत्तर ऐकून तुम्ही स्वतःलाच नावं ठेवायला लागता, आणि ते मला बघवत नाही.

माझ्याकडे उत्साह नाही. पहाटे सव्वापाचला गजर होतो तेव्हा जावंसं वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं नाही, आजही वाटत नाही. घरी परतताना बरं वाटतं हे खरं, पण ते परततानाचं बरं वाटणं दुसऱ्या दिवशीच्या सव्वापाचला कामाला येत नाही.

माझ्या रक्तातली साखर वाढू लागली होती हे तुम्हाला माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही. पण "तू तर इतकी बारीक, तुला कशाला हवीय जिम" हे मात्र आता पुरे. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या आत काय असू शकतं, ते या दोन आकड्यांत आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि माझ्या अंगावर तेच कमी. त्यामुळे माझी अडचण तुमच्याहून वेगळी. वजन उतरलं की चार लोक "छान दिसतेस" म्हणतात, कपडे सैल होतात. मला यातलं काहीच मिळणार नव्हतं. काटा जिथे होता तिथेच राहणार होता.

आता त्या व्हिडिओबद्दल.

त्या जिमचं नाव घेत नाही. सकाळी सहाची बॅच, बायका आम्ही दोघी-तिघी, बाकी सगळी मुलं. सुरुवातीला ट्रेडमिल आणि सायकल झाली. मग एक दिवस ट्रेनर म्हणाला, "मॅडम, आज स्क्वॉट. नुसता रॉड आहे, वजन काही लावलेलं नाही." तो नुसता रॉड वीस किलोचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी तांदळाची दहा किलोची पिशवी मी उचलत नाही, ओढत नेते. रॉड खांद्यांवर घेतला, एकदा बसले, उठले. दुसऱ्यांदा खाली गेले आणि मांड्यांत उठण्यापुरतं काही उरलंच नव्हतं. पाय थरथरायला लागले, टाचा उचलल्या गेल्या आणि मी पुढे गुडघ्यांवर आले. रॉड मानेवर. दोन मुलांनी धावत येऊन तो उचलला. फार लागलं नाही. त्यांतल्या एकाने पाणी आणून दिलं, म्हणाला, "काकू, होतं असं, माझंही झालं होतं." तेवढ्यावर मिटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेले असते. याची मला खात्री आहे, म्हणून हे सविस्तर सांगतेय.

काउंटरवरून कुणीतरी शूट करत होतं. संध्याकाळी जिमच्या इन्स्टाग्रामवर ते आलं. गाणं लावलेलं, पडतानाचा क्षण पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवलेला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माझा चेहरा स्पष्ट. रात्री आमच्या शाखेतल्या एकीने मला पाठवला, "ही तूच ना?" त्याच्या आधी माझ्या मुलाने पाहिला होता. तो तेव्हा दहावीत होता आणि त्याला त्याच्या वर्गातल्या कुणीतरी पाठवला होता. जेवताना तो काही बोलला नाही. मी ओटा आवरत असताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, उद्या जाऊ नकोस." त्याला माझी काळजी वाटत होती की माझी लाज वाटत होती, मला कळलं नाही. दोन्ही असेल. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत जायच्या आधी तिथे गेले आणि व्हिडिओ काढा म्हटलं. मॅनेजर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मॅडम, स्पोर्टिंगली घ्या. असं बघून लोकांना मोटिव्हेशन मिळतं." मी म्हटलं, "मला विचारलंत का?" त्याने माझा प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला. फोटो-व्हिडिओ वापरायला हरकत नाही, असं बारीक अक्षरांत छापलेलं आणि खाली माझी सही. व्हिडिओ तसाच राहिला. माझे मिस्टर जाऊन बोलले तेव्हा तो पाच मिनिटांत निघाला. मी सांगून निघाला नाही, त्यांनी सांगितल्यावर निघाला. पडल्याचं मला आज काही वाटत नाही. याचं वाटतं.

भरलेले वर्षाचे पैसे गेले. मी जिम सोडली.

इथे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ऐकायचं असतं की मग मी पेटून उठले, दाखवून द्यायचं ठरवलं. महिला दिनाला शाखेत मला बोलायला उभं केलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे तेच मागत होते. तसं काही झालं नाही. पुढचे कित्येक महिने मी काहीही केलं नाही. तेव्हाची मी सोफ्यावर बसून स्वतःला सांगायची, हे आपल्यासारख्यांचं काम नाही, ज्यांना आवड आहे त्यांनी करावं. तिच्याशी मी आजही मनात भांडते. मी म्हणते, तुझ्या त्या महिन्यांत साखर वाढत गेली. ती म्हणते, मग काय करायला हवं होतं, त्याच काउंटरसमोरून रोज मान खाली घालून आत जायला हवं होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. जिथे आपला मान राखला जात नाही तिथून उठून जाणं ही आळशीपणाची खूण कशी? पण तिच्या सोफ्यावर बसून राहण्याची किंमत मी आज भरतेय, हेही खरं.

परत गेले ते भीतीने. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा तो एचबीएवनसीचा रिपोर्ट ६.४ आला. ६.५ पासून मधुमेह धरतात. माझ्या आईचं मधुमेहाने काय झालं ते घरच्यांना माहीत आहे. भीती मात्र फार टिकत नाही. तिने मला दारापर्यंत नेलं, पुढचं तिच्याकडून झालं नसतं.

दुसरी जागा छोटी आहे, एक फिजिओथेरपिस्ट बाई चालवतात. आत शिरताच मोबाइल फळीवर ठेवायचा, अपवाद कुणालाच नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं?" येत होतं, पण जेमतेम. मग बाकावर बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं. बरेच दिवस हातात वजन दिलंच नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि मग उतरतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं तेव्हा मी घाबरले नाही. पहिल्या जिममध्ये हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर! त्यांनी आणखी एक समजावलं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात, मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. म्हणजे आरशात काही दिसायच्या कितीतरी आधी अंगात फरक पडलेला असतो. मला हे ऐकणं फार गरजेचं होतं, कारण आरसा आणि काटा दोन्ही माझ्या बाबतीत मुकेच राहणार होते. त्यांनी मला एक वही ठेवायला लावली. तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा. दोन किलोचा डंबेल छातीशी धरून बसणं-उठणं, मग चार, मग आठ. मला जे काही पुढे गेल्यासारखं वाटतं ते त्या वहीत आहे.

आणि आता ते, जे तुम्ही कधीच विचारत नाही. सकाळचा डबा कोण करतं?

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मिस्टर करतात. हे सहज झालेलं नाही. भांडणं झाली, अबोला झाला, सासूबाईंचं "आमच्या वेळी" झालं, नणंदेचा फोन आला. पोळ्यांना बाई लावली, भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, असं करत करत ते बसलं. ते दौऱ्यावर असले की माझी जिम बुडते. त्या आठवड्यात माझं मन कच्चं झालेलं नसतं, ओट्यावर तीन डबे असतात. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतात सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. आणि लोकांचा दिवस कशात जातो हे बघणाऱ्या सरकारच्या २०१९ च्या पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, अशी कामं करणारे पुरुष ९७. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मग मला सांगा, एवढ्या बायकांच्या मनातच खोट आहे का?

"एकवीस दिवस कर, सवय लागते" हेही सांगू नका कुणाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर हे तपासलं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. एकविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून सोडून देणाऱ्या आपल्या किती जणी असतील! त्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

तरी सगळं डब्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. कधी कधी डबा झालेला असतो, बूट दारात असतात, रात्रीची झोप झालेली असते, आणि मी जात नाही. पांघरूण डोक्यावर घेते. का, ते मला सांगता येत नाही. आळस म्हणावा तर संध्याकाळी बँकेतून आल्यावर मी दोन तास उभी असते. त्या मॅनेजरचा चेहरा अजून कुठेतरी बसलाय म्हणावं, तर बाकीच्या दिवशी तो आठवतही नाही. गेल्या रिपोर्टमध्ये आकडा थोडा खाली आला, आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यात जास्त दांड्या मारल्या. हे कोडं सुटलेलं नाही, आणि ते सुटल्यासारखं बोलणाऱ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

तुमच्यापैकी दोघींनी "आम्हालाही ने" म्हटलंय. नेते. पण त्याआधी घरी बसून तीन सकाळी कुणी काय करायचं ते ठरवून या, आणि ते माझ्या नावावर ठरवू नका, तुमच्या नावावर ठरवा. कुठल्याही जिमचा फॉर्म भरताना फोटो-व्हिडिओची ओळ शोधा आणि सही करण्याआधी ती खोडा. खोडू देत नसतील तर तिथे जाऊ नका. आमच्या बाई पहिल्या दिवशी फक्त बाकावरून उठायला लावतात, त्यामुळे सलवार-कुडता चालेल, बूट मात्र हवेत. बुधवारी सहाला पाच कमी असताना मी खाली गेटपाशी असेन. दिसले नाही तर मिस्टर दौऱ्यावर गेले असं समजा, आणि तुम्ही दोघी पुढे निघा.