नाळ की वासरू?

अल्ट्रासेंट्रिफ्यूज म्हणजे नळ्या प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र. त्याच्या नळ्यांचं वजन जुळवताना मी अजूनही श्वास रोखते. समोरासमोरच्या दोन नळ्यांत थेंबाचाही फरक नको, कारण आत गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट जोर येतो. सत्तर मिनिटांनी नळी काढावी तर तळाशी काहीच दिसत नाही! म्हणून आधीच बाहेरून मार्करने टिंब काढायचं आणि माल तिथेच बसलाय असं समजायचं.

माल म्हणजे ईव्ही, पेशी बाहेर टाकतात त्या पुटिका. आम्हाला हव्या असतात ३० ते १५० नॅनोमीटरच्या. त्या सोडणाऱ्या आमच्या मूळपेशी (स्टेम सेल) नाळेतल्या. आमचा रोख एआरडीएस या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजारावर. त्याचं पहिलं वर्णन १९६७ मध्ये झालं, १२ रुग्णांवरून. फुप्फुसात पाणी भरतं, माणूस व्हेंटिलेटरवर जातो आणि ते पाणी थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही. मूळपेशी टोचल्या तर त्या फुप्फुसात फार टिकत नाहीत, तरी उपयोग दिसतो. मग काम त्यांनी सोडलेल्या पुटिकाच करत असतील का? २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने उंदरांमध्ये तसं दाखवलं, आणि आम्हीही त्या वाटेला लागलो.

आमचे उंदीर सुधारले. फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात प्रथिनं कमी, म्हणजे गळती कमी. लॅबभर मिसळ झाली. मावसभावाला कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "मग बाबांना ते इंजेक्शन देता येईल?" त्याला थोपवताना नाकी नऊ आले.

मिसळीनंतरच्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, "ब्लँक केलास ना गं?" ब्लँक म्हणजे पेशी न घातलेला फ्लास्क, बाकी सगळं तसंच करायचं. मी केला नव्हता. कण मोजायचं यंत्र दुसऱ्या विभागात, नमुन्यागणिक पैसे. एक नमुना वाचवला होता.

ब्लँक केला. लेझर लागला की पडद्यावर कण कवडशातल्या धुळीसारखे नाचतात. जितका लहान तितका जास्त थरथरतो, त्यावरूनच आकार काढतात. ब्लँकला पडदा जवळपास काळा हवा होता. तो गच्च भरला होता. ऑपरेटर म्हणाला, "छान आलंय की सॅम्पल."

पेशींना खाऊ म्हणून घालतो ते सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, वासराच्या भ्रूणाचं. त्यात वासराच्या पुटिका असतातच, म्हणून ते आधी रात्रभर, अठरा तास फिरवून घ्यायचं. तरी थोड्या उरतात, पण इतक्या? मशीनचा लॉग उघडला. माझ्याच रनला रात्री वीज गेली होती. अठरा तासांऐवजी मशीन फिरलं होतं चार तास अकरा मिनिटं. सकाळी मशीन थांबलेलं दिसलं आणि वेळ पूर्ण झाली असं मी धरून चालले होते. उंदरांची सगळी बॅच त्याच सीरमवरची, आणि तुलनेच्या उंदरांना नुसतं सलाईन.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आलेखाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मग उंदरांना बरं कोणी केलं? नाळेनं की वासरानं?"

पुढची बॅच सीरमशिवाय करायचं ठरलं. फ्लास्क तीनदा धुवायचे, दोन दिवस पेशी उपाशी ठेवायच्या, आणि तुलनेच्या उंदरांना सलाईनऐवजी ब्लँकचाच गाळ. फेकाव्यात म्हणून उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून जुन्या नळ्या काढल्या, पण हात होईना. झाकणांवर माझ्या अक्षरात 'नाळ' लिहिलेलं होतं. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि परत आत ठेवल्या.