बीटलचा हिरवा दिवा आणि ऑइलची जाळी

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये ऑइल प्रेशरचा दिवा हिरवा असतो, प्रेशर पडलं की लागतो. लाल दिवा डायनामोचा, म्हणजे बॅटरी चार्जिंगचा, हिरवा ऑइलचा. आताच्या पोरांना हिरवं दिसलं की सगळं ओके वाटतं आणि तसंच चालवत राहिलं की इंजिन जाम. त्या दिवशी माझ्या गॅरेजला जी गाडी आली तिच्या मालकाला आजोबांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं, हिरवा लागला की रस्ता कुठलाही असू दे, गाडी बाजूला घ्यायची आणि चावी बंद. त्याने तेवढंच केलं आणि म्हणून ते इंजिन वाचलं, माझं काम त्याच्या नंतरचं.

गाडी 1964 ची, 1192 सीसी, 6 व्होल्टवाली. मालक पिंपळगाव बसवंतचा द्राक्षवाला, माझ्याहून लहान आहे पण मी त्याला दादाच म्हणतो आणि तो मला भाऊ. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून एका लग्नाला मालेगावला गेला होता ही गाडी घेऊन, येताना राहुड घाट चढत असताना दिवा लागला. थांबला, थंड होऊ दिली, हळूहळू घरी आणली. मग जवळच एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी बॉनेटसुद्धा नीट न उघडता (बीटलचं इंजिन मागे असतं हे तरी माहिती होतं का देव जाणे) सांगून टाकलं की बेअरिंग गेले, इंजिन उतरवायचं, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) ग्राइंडिंग, पार्ट बाहेरच्या देशातून, दोन-तीन महिने धरा. बिचाऱ्याला आजोबांची गाडी कायमची उभी राहते का काय अशी धास्ती बसली, आणि तो सकाळी सकाळी बोलेरोला टोचन करून नाशिकला अंबड लिंक रोडवर माझ्याकडे घेऊन आला.

मी पहिला प्रश्न विचारला, "दादा, दिवा गाडी नुसती उभी असताना लागतो का ताणल्यावर?"

"ताणल्यावर भाऊ. चढाला, नाहीतर हायवेला जरा पळवली की. थांबलो की विझतो."

माझ्या दृष्टीने अर्धं निदान इथंच झालं होतं. बेअरिंग झिजलेलं असलं की उलटं होतं ना. ऑइल गरम होऊन पातळ झालं, गाडी सिग्नलला आयडलवर उभी आहे, पंप हळू फिरतोय, बेअरिंगच्या गॅपमधून ऑइल निसटतंय, तेव्हा दिवा फडफडतो, आणि रेस दिली की पंप जोरात फिरतो, प्रेशर येतं, दिवा विझतो. इथे आयडलला दिवा विझलेला आणि रेसला पेटतोय, म्हणजे पंपाला जितकं ऑइल हवंय तितकं खालून येतच नाहीये. आयडलला थोडं लागतं ते मिळतं, जास्त मागितलं की उपाशी. असं असताना इंजिन उतरवायला सांगणं म्हणजे मला तरी पटत नाही, निदान दहा मिनिटं मालकाचं ऐकून तरी घ्या.

तरीपण खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. डिपस्टिक काढली, लेव्हल बरोबर. वास घेतला, पेट्रोलचा वास नाही. हा वास घेणं फार महत्त्वाचं आहे कारण या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसलेला असतो आणि त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वाढलेली दिसते आणि लोक खुश होतात. मग मागच्या पुलीवर डायल गेज लावून क्रँकचा एंड प्ले बघितला, म्हणजे पुढे-मागे ढकलून तो किती हलतो ते. 0.07 ते 0.13 मिलिमीटर चालतो, 0.15 च्या वर गेला की मग विचार करायचा. याचा 0.10 च्या आसपास. दादाला रीडिंग दाखवलं, म्हटलं हे बघा, साठ वर्षांची म्हातारी असली तरी मणका शाबूत आहे.

आता ऑइल काढायचं. बाकीच्या गाड्यांचं ऑइल बदलणं वेगळं आणि या इंजिनचं वेगळं, ते आमच्या पोराला मी नेहमी सांगतो. याला रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनामोच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला पंखा, तो पत्र्याच्या घरात हवा ढकलतो, आणि त्याच घरात ऑइल कूलर उभा आहे. म्हणजे हवेनंतर जी काही उष्णता बाहेर काढायची ती ऑइलनेच. आणि ते ऑइल किती, तर फक्त अडीच लिटर. वर कंपनीचा ऑइल फिल्टर नाहीच. चहाच्या गाळणीसारखी एक तारेची जाळी तळाला, एवढंच संरक्षण. त्यामुळे दर 5000 किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि गाडी कमी फिरत असेल तर वर्षाला तरी बदलायचंच, आणि दर वेळी जाळी बाहेर काढायची. नुसता ड्रेन बोल्ट सोडून ऑइल पाडलं आणि नवीन ओतलं म्हणजे ऑइल बदललं असं होत नाही.

दिवा आयडलला लागत नव्हता म्हणून थोडा वेळ चालू ठेवून इंजिन कोमट करून घेतलं, ड्रेन बोल्ट सोडला. ऑइल काळंकुट्ट पण चमक नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन बाहेर उन्हात तिरकं करून बघायचं, बेअरिंग झडत असेल तर चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाचा भुगा तरंगताना दिसतो. चुंबकही फिरवला, नेहमीची थोडी काळी चिकट पेस्ट सोडून काही नाही.

मग जाळीची प्लेट. सहा छोटे डोम नट असतात, 10 चा पाना. पाच सुटले, सहावा नट गोल गोल फिरतच राहिला, स्टडसकट (स्टड म्हणजे ज्यावर नट बसतो तो इंजिनमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा). तेव्हाच माझ्या लक्षात आलं आत काय वाढून ठेवलंय ते. प्लेट ओढली तर पॅकिंगच नाही! नियमाप्रमाणे पॅकिंग, मग जाळी, मग दुसरं पॅकिंग, मग प्लेट, प्रत्येक नटाखाली कॉपर वॉशर. इथे सगळीकडे सिलिकॉन थापलेलं, तेही ढिगाने. कधीतरी कुणीतरी नट जास्त आवळला, स्टडचे आटे केसमधून, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या घरातून, उपटून आले, तिथून ऑइल गळायला लागलं आणि गळती बंद करायला ट्यूब पिळली. बाहेर दिसतं तेवढंच सिलिकॉन आतही पिळून येतं. ते आत लोंबत राहतं, गरम ऑइलमध्ये तुटतं, आणि तुकडे जातात सरळ जाळीवर. ती जाळी माझ्या हातात आली तेव्हा अर्ध्याहून जास्त बुजलेली होती, लाल रबराचे तुकडे आणि त्यावर काळा गाळ. दादा बघतच राहिला. त्याचा चेहरा बघून मला खरंच आनंद झाला कारण बुजलेली जाळी ही चांगली बातमी असते, ती धुता येते.

पण जाळीच्या आतल्या बाजूलाही सिलिकॉन होतं, आणि ते जास्त वाईट, कारण आतून पंपाच्या पाइपपर्यंत अडवायला मध्ये काहीच नाही. टॉर्च लावून पाइपच्या तोंडात बघितलं तर एक तुकडा अडकलेला, नोज प्लायरने अलगद ओढून काढला. मग मागची पुली काढून पंपाचं झाकणही उघडलं. गिअरवर ओरखडे नव्हते.

आता स्टड. या इंजिनचं केस मॅग्नेशियमचं असतं, हलकं आणि मऊ. या नटांना टॉर्क किती, तर 7 न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने तीन बोटांनी जेवढा बसतो तेवढाच. आपल्याकडे सवय अशी की जोर लावून चर्रर्र झाल्याशिवाय समाधान नाही, आणि लोखंडाला ते चालून जातं, याला नाही. उपाय म्हणजे स्टेप स्टड, खाली 8 एमएमचा, वर 6 चा. असा तयार इथे कुठे मिळणार, पण नाशिकमध्ये राहण्याचा हा फायदा आहे, अंबड आणि सातपूरला लेथवर होत नाही असं काहीच नाही. ओळखीच्या टर्नरकडे जुना स्टड नमुना म्हणून पाठवला, हाय टेन्साइल बोल्टमधून करून द्यायला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीनंतर स्टड हातात. असे कारागीर शहरात आहेत म्हणून अशा गाड्या चालतायत, हे मी कुणालाही सांगेन.

नव्या स्टडसाठी टॅप मारायच्या, म्हणजे केसमध्ये मोठे आटे पाडायच्या, आधी पोराला बाहेर पाठवलं, गॅसची टॉर्च घेऊन. का, तर कॉपर वॉशर लाल करून पाण्यात टाकले की परत मऊ होतात आणि नव्यासारखे दाबून बसतात, पण ते काम केसजवळ करायचं नाही. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटला तर पाणी टाकून विझत नाही, उलट भडकतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी कृपया लक्षात ठेवा. टॅपला ग्रीस लावून हळूहळू आटे पाडले, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, नंतर वरून अर्धा लिटर साधं ऑइल ओतून तळ धुवून काढला. डिझेलने फ्लशिंग मी करत नाही, सगळं डिझेल कधीच बाहेर येत नाही आणि अडीच लिटरमध्ये तेवढं पातळपणही जास्त होतं.

पॅकिंग पेपरमधून दोन नवीन पॅकिंग कापली, सिलिकॉनचा एक थेंबही नाही, जाळीच्या वरच्या भोकात पाइप घट्ट बसतोय का ते बघितलं, नट थोडे थोडे करून समोरासमोरचे आवळले. ऑइल 20डब्ल्यू-50 मिनरल भरलं. जुन्या पुस्तकात उन्हाळ्याला सिंगल ग्रेड 30 लिहिलेलं असतं आणि तेही उत्तमच, पण 20डब्ल्यू-50 कुठल्याही दुकानात मिळतं आणि नाशिकच्या एप्रिल-मेला मला याचाच भरवसा वाटतो.

दिव्याच्या स्विचच्या जागी प्रेशर गेज लावला, सुरुवातीला कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर मारला, काटा हलल्यावरच स्पार्क दिला. पूर्ण गरम झाल्यावर ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला 10 पीएसआय प्रेशर हवं, आणि इथे 2500 ला काटा तिशीच्या जरा वरच उभा. दादाने तो काटा मोबाइलवर शूट करून घरी पाठवला, पाठोपाठ वडिलांचा फोन, स्पीकरवर विचारतायत "आवाज ऐकव, आवाज ऐकव", आणि मी मागचं झाकण उघडून फोन इंजिनजवळ धरला. तो टकटक-फडफड आवाज ऐकून ते पलीकडून काही बोललेच नाहीत बराच वेळ, मग म्हणाले, "तीच आहे." अशा वेळी या कामाचं मला फार वाटतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी स्विच परत बसवून पांडवलेणीवरून विल्होळीच्या पुढपर्यंत जाऊन आलो, येताना मुद्दाम थर्डमध्ये ताणली. दिवा नाही. परत येऊन खाली पुठ्ठा टाकला, तासाभराने बघितलं, थेंब नाही. दादाला सांगितलं की 500 किलोमीटर झाले की परत या, जाळी पुन्हा काढायची, कारण कोपऱ्यात कुठेतरी एखादा तुकडा राहिलेला असू शकतो आणि तो ऑइलबरोबर खाली येणारच.

नंतर त्याने फोन केला तो राहुड घाटाच्या वरूनच. मुद्दाम तोच चढ चढला होता, दुपारी, दोन माणसं मागे बसवून, आणि दिवा लागला नाही हे सांगायला आधी गाडी बाजूला घेतली म्हणाला. मी म्हटलं, आता जाळीला याल तेव्हा आदल्या संध्याकाळीच गाडी माझ्याकडे लावून जा, टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्वची गॅप, पण करून टाकू, ते इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय होत नाही, आणि तीन नंबरचा सिलेंडर ऑइल कूलरच्या मागे असल्यामुळे सगळ्यात जास्त तापतो, त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व मला नीट बघायचाय.