आमची वाटचाल: ईटीपीच्या आधीचे काम

अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सांडपाण्याची पूर्वप्रक्रिया, एवढेच काम आमची कंपनी करते. पाणी ईटीपीतल्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या, जैविक टाकीत (जिथे जिवाणू घाण पचवतात) जाण्याआधी त्यातला घन कचरा, तेल, चरबी आणि प्रथिने वेगळी काढायची, पीएचचे चढउतार आटोक्यात आणायचे आणि पुढच्या जिवाणूंना झेपेल असे पाणी त्यांच्या हवाली करायचे. ऐकायला हा छोटा तुकडा वाटतो. पण पुढची सगळी यंत्रणा नीट चालणार की रडतखडत, हे इथेच ठरते.

सुरुवात झाली पंप आणि ब्लोअरच्या (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीपासून. मी रसायनशास्त्राचा, माझा भागीदार मेकॅनिकलचा. बोलावणी यायची ती बहुतेक दूध, बटाटा, मांस आणि फळांच्या गरावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतून. पंप उघडला की आत साली, लेबलांचे तुकडे, पंख्याभोवती थिजलेली चरबी. सील बदलायचे, पंप बसवायचा, थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. एकदा भागीदार हात पुसत म्हणाला, "अरे, पंपात काही दोष नाही. जे पंपापर्यंत येतंय ते यायलाच नको." तेव्हापासून आम्ही पंपापाशी न थांबता पाण्याच्या उलट दिशेने, गटाराच्या कडेकडेने उत्पादन विभागापर्यंत चालत जायला लागलो. आजही नव्या ग्राहकाकडे पहिला दिवस आम्ही ईटीपीवर घालवत नाही, उत्पादनाच्या फरशीवर घालवतो.

पहिली खरी कामे मिळाली ती स्क्रीनची, म्हणजे घन कचरा अडवणाऱ्या जाळीची. अर्धा ते एक मिलिमीटर फटीची फिरती ड्रम स्क्रीन, तीही पंपाच्या आधी. "पंपाच्या आधी" यावर आम्ही फार अडून बसतो. सालीचा अख्खा तुकडा जाळीवर सहज अडतो. तोच पंपातून गेला की त्याचा लगदा होतो, त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि मग जाळीचा उपयोग उरत नाही. चिमट्याने उचलता आले असते ते नंतर रसायने घालून किंवा तासन्‌तास हवा देऊन काढत बसावे लागते. म्हणून स्क्रीनवरचा कचराही लगेच कोरडा उचलायचा, पाण्याचा फवारा मारून पुढे ढकलायचा नाही.

फरशी धुण्याआधी कोरडी झाडून घ्या, हे सांगण्यात आमची बरीच शक्ती गेली आहे आणि अजूनही जाते. एक लिटर दूध गटारात गेले तर त्याच्याबरोबर साधारण १०० ग्रॅम बीओडी (घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जातो. एका माणसाच्या दिवसभराच्या घरगुती सांडपाण्यातून जातो तो ५४ ते ६० ग्रॅम. म्हणजे टँकरच्या तळाशी राहिलेले, नळीत अडकलेले, भरताना सांडलेले दूध सहज एखाद्या गावाएवढा भार टाकू शकते. हे गणित मांडले की बैठकीचा नूर पालटतो, कारण तो नुसता बीओडी नसतो, विकता आला असता असा माल असतो.

आमच्या कामात सर्वांत जास्त जीव कशात अडकला असेल तर इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी येणारे पाणी साठवून एकसारखे करणाऱ्या टाकीत. दिसायला ती साधी मोठी टाकी, त्यामुळे पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. पण अन्नप्रक्रिया कारखान्यातून पाणी एकसारखे कधीच येत नाही. सीआयपीत, म्हणजे यंत्रे न उघडता आतून धुताना, कॉस्टिक (तीव्र अल्कली) फिरले की पीएच १२ च्या घरात, त्यामागून आम्लाची धुलाई आली की २ च्या आसपास. दोन्ही एकाच मोठ्या टाकीत आले तर बऱ्याच प्रमाणात एकमेकांना निवळतात, वेगळे आम्ल-अल्कली विकत घेऊन ओतावे लागत नाही. टाकी छोटी असली तर कारखाना दोन्ही वेळा रसायनावर खर्च करतो, एकदा धुण्यासाठी आणि एकदा धुतलेले निस्तरण्यासाठी. म्हणून टाकीचा आकार आम्ही दिवसाच्या सरासरीवर काढत नाही. आठवड्यातली सर्वांत मोठी सफाई ज्या पाळीत होते, त्या पाळीचा प्रवाह मोजून काढतो.

आणि टाकी मोठी केली म्हणून ती स्वस्थ पडू द्यायची नाही. साखर आणि लॅक्टोज असलेले पाणी न हलता राहिले की आंबते, पीएच घसरतो, तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू काँक्रीट खातो आणि माणसाचा जीव घेतो. जास्त प्रमाणात असला तर नाकाला वासही कळेनासा होतो, त्यामुळे "वास येत नाही, उतरतो" हे वाक्य आमच्या कुठल्याही साइटवर चालत नाही. वायू तपासल्याशिवाय, वर माणूस आणि दोर असल्याशिवाय कुणी टाकीत उतरायचे नाही. या नियमापायी काम लांबले आहे, ग्राहक नाराज झाले आहेत. नियम तसाच आहे.

एका दुग्धप्रक्रिया कारखान्याचे काम आमच्यासाठी वळण देणारे ठरले. त्यांची एरेशन टाकी (हवा दिली जाते ती जैविक टाकी) दर आठवड्याला ठरावीक वेळी आजारी पडायची. फेस यायचा, पाणी गढूळ व्हायचे, दोन-तीन दिवसांत जरा सावरते तोच पुन्हा तेच. हवा कमी पडते म्हणून ब्लोअर वाढवून झाला होता. आम्ही प्रत्येक विभागाच्या चेंबरवर माणूस बसवून तासातासाला नमुने घेतले. पीएच, तापमान, सीओडी (रासायनिक चाचणीने मोजलेला घाणीचा भार), सगळे ठीकठाक. कोडे सुटले ते रात्रपाळीच्या सफाई कामगाराकडून. शेजारी बसून चहा पिताना ते सहज म्हणाले, "साहेब, तुम्ही गेल्यावर आम्ही जंतुनाशकाची टाकी सोडतो. आठवड्यातून एकदाच असते."

क्वाटर्नरी अमोनियम वर्गातले जंतुनाशक होते ते, यंत्रांवरचे जिवाणू मारण्यासाठीच बनवलेले. अख्खी टाकी एका दमात गटारात गेली की ईटीपीतले जिवाणूही त्यातून कसे सुटणार? उपाय मोठा नव्हता. त्या द्रावणासाठी वेगळी साठवण टाकी, एक डोसिंग पंप, आणि ते आठवडाभर थेंबाथेंबाने इक्वलायझेशनमध्ये सोडायचे. सोबत द्रावण गरजेपुरतेच बनवायचे. एरेशन टाकी सावरली. त्या दादांचे नाव आम्ही अहवालात मुद्दाम लिहिले आणि व्यवस्थापनाने त्यांना बैठकीला बोलावले, याचे मला आजही समाधान आहे. तेव्हापासून रात्रपाळीशी बोलल्याशिवाय आम्ही आराखडा काढत नाही.

पुढे आम्ही डीएएफ, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी तेल-चरबी वर तरंगवून काढणारे यंत्र, बनवायला लागलो. थोडे पाणी चार ते सहा बार दाबाखाली हवेने भारायचे आणि टाकीत सोडताना दाब एकदम उतरवायचा. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच, फक्त बुडबुडे कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. ते तेलाच्या आणि प्रथिनांच्या गुठळ्यांना चिकटून त्यांना वर आणतात आणि वरचा थर स्क्रेपर ओढून नेतो. यंत्र उत्तम आहे, पण यंत्राआधी जार टेस्ट. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम सहा बीकर ओळीने मांडतात, प्रत्येकात तुरटी किंवा फेरिक क्लोराइडचा वेगळा डोस, आधी जोरात ढवळणे, मग गुठळ्या बांधणाऱ्या पॉलिमरचे थेंब आणि अगदी संथ ढवळणे. एका बीकरमध्ये नुसता गढूळपणा, दुसऱ्यात बारीक कण, आणि मग एखाद्यात अचानक गुठळ्या दिसू लागतात, त्यांच्या मधले पाणी पारदर्शक होते. दूध-प्रथिनांच्या पाण्यात पीएच ४.६ च्या आसपास आणला की केसीन आपणहून फुटून येते, मग रसायन पुष्कळ कमी लागते. पॉलिमर जास्त झाला की गुठळ्या बुळबुळीत होतात आणि गाळण्या तुंबवतात. हे सगळे डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोसचा आकडा लिहायचा नाही.

नमुनाही ताजा आणि साइटच्याच तापमानाचा हवा. गरम आणि डिटर्जंट मिसळलेल्या पाण्यात तेल इतके बारीक विखुरलेले असते की ते सुटता सुटत नाही. तेच पाणी प्रयोगशाळेत थंड होऊन पोहोचते आणि सगळे छान दिसते. म्हणून आम्ही एक छोटा डीएएफ चाकांच्या ट्रॉलीवर बांधला. मोठी ऑर्डर घेण्याआधी तो ग्राहकाकडे नेऊन प्रत्यक्ष पाण्यावर चालवतो.

आम्ही कामे नाकारलीही. शीतपेये आणि फळांच्या रसाच्या पाण्यातला बहुतेक भार विरघळलेल्या साखरेचा असतो. तो डीएएफने निघत नाही. तिथे डीएएफ विकणे म्हणजे ग्राहकाच्या पैशांचा चुराडा. त्यांना हवी असते चांगली इक्वलायझेशन, पीएचवर ताबा आणि नायट्रोजन-फॉस्फरसची भर, कारण हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण १००:५:१ या प्रमाणात लागतात आणि नुसत्या साखरेत शेवटचे दोन जवळजवळ नसतात. याची दुसरी बाजूही आहे. फेरिक किंवा तुरटी जास्त झाली तर ती फॉस्फरसही ओढून नेते आणि पुढची टाकी उपाशी राहते. जास्तीत जास्त काढले म्हणजे चांगली पूर्वप्रक्रिया, असे म्हणूनच नसते. लोणच्याचे खारे पाणीही आमच्या कुठल्याच यंत्राने गोड होत नाही. ते उगमापाशीच वेगळे ठेवावे लागते, आणि ते स्पष्ट सांगितल्यामुळे ऑर्डर गेली तरी चालते.

आज आमच्याकडे फॅब्रिकेशनची शेड आहे, छोटी प्रयोगशाळा आहे आणि सेवा पथक आहे. पथकातली निम्मी माणसे पूर्वी कुठे ना कुठे ईटीपी ऑपरेटर होती. पंपाच्या आवाजावरून काय बिघडले ते सांगणारी ही माणसे आम्ही मुद्दाम शोधून घेतली. यंत्र बसवले की ऑपरेटरच्या तिन्ही पाळ्यांना प्रशिक्षण मिळेपर्यंत आम्ही काम पूर्ण झाल्याची सही मागत नाही.

सध्या डोक्यात आहे तो डीएएफवरून निघणारा चरबी-प्रथिनांचा थर. बहुतेक कारखाने तो पैसे देऊन उचलायला लावतात. त्यात चरबी आहे, म्हणजे बायोगॅस आहे. एक किलो सीओडी विनाप्राणवायू पचला तर सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. अडचण एवढीच की चरबी एकदम टाकली तर तिच्यातून सुटणारी लांब साखळीची मेदाम्ले मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना रोखतात. म्हणून एका ग्राहकाकडे आम्ही हा थर रोज थोडा थोडा डायजेस्टरमध्ये (बायोगॅसच्या बंद टाकीत) सोडतो, आम्लांचे प्रमाण बघतो आणि मगच दुसऱ्या दिवशीची मात्रा ठरवतो. मात्रा हळूहळू वाढते आहे.