आभासी खेळातली प्रेमकथा: आखाजीचं प्रकरण हाती आलं

कादंबरी निम्म्याच्या पुढे सरकली. ज्या प्रसंगापाशी सगळं अडून बसलं होतं तो एकदाचा लिहून झाला, म्हणून व्हीआरच्या (आभासी वास्तवाच्या) जगातल्या गोष्टी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या तुम्हा मंडळींपुढे मांडतो.

नायिका मूळची अमळनेरची, नोकरीला पुण्यात. खेळातलं नाव ‘चांदणी’. नायक शिरपूरचा, खेळात ‘बुरुज’. दोघं एकाच टोळीत लढतात, हिंदी-इंग्रजीत बोलतात, आणि समोरचा कुठला तरी लांबचा आहे असं दोघंही धरून चालतात. आता ओळख पटायची कशी? फोटो, फोन नंबर, बसस्टँडवर अचानक भेट, यातलं मला काहीच नको होतं. यंत्राच्या स्वभावातूनच ओळख निघाली पाहिजे, हा माझा हट्ट. नाहीतर हीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरही घडली असती.

वाट आखाजीने, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाने दाखवली. चांदणी सुट्टी काढून घरी आलेली. मांडे-रस झालेला, ओसरीत झोका बांधलेला, अंगणात गवराईची गाणी चाललेली. मोहिमेची वेळ होते तशी ती झोक्यावर बसल्या बसल्याच हेडसेट, म्हणजे खेळ डोळ्यांसमोर दाखवणारं यंत्र, डोक्यावर चढवते. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीकडे बघून डोकं कुठं आहे ते सतत मोजत असतात. डोकं हाललं की अवतार, म्हणजे खेळातलं आपलं रूप, तेवढाच हालतो. म्हणजे इकडे सगळी टोळी धनुष्यं ताणून गडाच्या दारात उभी, आणि मधोमध चांदणी हवेतल्या हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. कुणी म्हणतं नेट गेलं, कुणी म्हणतं खेळ बिघडला. बुरुज बघत राहतो आणि त्याच्या तोंडून घरच्या अहिराणी बोलीत निघून जातं, “तू झोका खेळी ऱ्हायनी का? आखाजीले घर वनी?”

पलीकडे जरा वेळ नुसती गाणी ऐकू येतात. मग, “तुले कसं समजनं?”

हे लिहिताना मला फार आनंद झाला!

बारकावे मात्र सांभाळावे लागले. झोका फक्त खेळात असता तर डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाच्या आतला तोल म्हणतो ‘मी तर बसलेलो’. या भांडणातूनच मळमळ होते. चांदणी खरोखर झुलतेय, डोळे आणि कान एकच सांगतात, म्हणून तिला त्रास नाही. झोका उंच चढवता येत नाही. हेडसेटमध्ये आखलेली हद्द ओलांडली की खेळ पुसट होऊन खोली दिसू लागते. आणि झोका कडुनिंबाला न बांधता ओसरीत का? उन्हाची तिरीप हेडसेटच्या भिंगांतून आत गेली तर पडदा जळतो. उलट मिट्ट अंधारात कॅमेऱ्यांना काही दिसत नाही. म्हणून दिवेलागणीची वेळ, ट्यूबलाइट लावलेली. वाचकाला यातलं काही सांगायचं नाही. पण लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की प्रसंग पक्का बसतो.

पुढचं प्रकरण अंतराचं. २०२२च्या फेब्रुवारीत मेटाने होरायझन वर्ल्ड्स या आपल्या आभासी जगात दोन अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर आपोआप राहील अशी सोय केली, कुणी कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून. माझ्या खेळात तोच नियम आहे, फक्त दोघांनी मिळून तो काढता येतो. प्रेमकथेला याहून चांगली देणगी काय हवी? कोण आधी काढतं, आणि दुसऱ्याला ते कळतं कधी, एवढ्यावर सबंध प्रकरण चालेल. त्यातच शिरपूरकडे लाइट जाणार आहे. हेडसेट स्वतःच्या बॅटरीवर चालू राहील, राउटर बंद पडेल, आणि बुरुज ऐन वेळी तिच्यासमोरून नाहीसा होईल.

बोलीचंही काम बाकी आहे. नायक शिरपूरचा ठेवला तो अहिराणीसाठीच. रावेर-यावलकडचा लेवा पाटीदार पोरगा असता तर तो लेवा बोलीत बोलला असता आणि संवादांचा सूरच बदलला असता. पण अमळनेरची अहिराणी आणि शिरपूरची अहिराणी यांच्या लकबी मला वेगळ्या ऐकू यायला हव्यात. त्या भागातल्या कुणाला हे संवाद मोठ्याने वाचून, कुठे खटकतं ते सांगायला जमेल का? प्रकरण लगेच पाठवतो.