वाढच का थांबवत नाही?

‘पेशी फार वेगाने वाढतात म्हणता, मग ती वाढच बंद करणारी गोळी द्या की!’ पुण्यात सोरायसिसवर, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणाऱ्या आजारावर, बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच, तोही आम्ही काहीतरी दडवतोय अशा सुरात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

वाढ बिघडलेली असते, हे खरंच. निरोगी त्वचेत तळाची पेशी वर येऊन गळायला महिनाभर तरी लागतो. चट्ट्यात हाच प्रवास ४-५ दिवसांत उरकतो. पेशीला केंद्रक टाकून द्यायलाही सवड मिळत नाही.

आता दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला चट्ट्यावर वज्री फिरते, तेव्हा काय होतं ते बघा. खवला निघतो आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. चट्ट्यातल्या पेशी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात, त्यामुळे केशवाहिन्या फुगून, वेटोळ्या होऊन पृष्ठभागाशी आलेल्या असतात. दिसत नाही ते पुढचं. पेशीच्या आवरणात रोवलेले टीजीएफ-अल्फा आणि अँफिरेग्युलिन हे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ‘वाढ’ असा हुकूम देणारे रेणू, एडीएएम-१७ नावाचं एन्झाइम कापून मोकळे करतं. ते ईजीएफ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या हुकूम घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतात, कधी शेजारणीच्या, कधी त्याच पेशीच्या. रिसेप्टर चेतला की पेशी आणखी टीजीएफ-अल्फा बनवते. हुकूम काढणारी तीच, पाळणारीही तीच. साध्या जखमेतही हेच घडतं, पण जखम बुजली की थांबतं. इथे टी पेशींकडून, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींकडून, आयएल-१७ आणि आयएल-२२ हे चेतवणारे संदेश येतच राहतात, म्हणून थांबत नाही. घासलेल्या जागी किंवा परकराची नाडी काचते तिथे साधारण १० ते २० दिवसांत नवा चट्टा उठू शकतो.

मग ईजीएफ रिसेप्टरच बंद करावा? करता येतो. कर्करोगासाठी एर्लोटिनिब, सेटुक्सिमॅब आहेत, आणि ती घेताना काहींचा सोरायसिस निवळल्याच्या नोंदीही आहेत. पण त्याच औषधांनी चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येतं, कातडी कोरडी पडते, नखांच्या कडा सुजतात. निरोगी त्वचेलाही तोच रिसेप्टर लागतो हो!

पूर्वी मी इथे विषय संपवत असे: दोष टी पेशींचा, त्वचा बिचारी ताबेदार. आयएल-१७ रोखणाऱ्या सेक्युकिनुमॅबचा गुण पाहिला की ते पटतंही. पण उंदराच्या केराटिनोसाइटमध्ये, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशींत, नुसतं अँफिरेग्युलिन वाढवलं, तरी कातडी खवलेदार होते आणि टी पेशी तिथे जमतात. तेव्हा आधी कोण, यावर आता मी पैज लावणार नाही.

शिवाय वाढ आवरणारं एक औषध तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात आहेच: कॅल्सिपोट्रिऑलचं मलम. ते पेशींची वाढ मंदावतं आणि त्यांना नीट परिपक्व होऊ देतं. मात्र खवले मऊ करायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम वापरत असाल, तर दोन्ही एकावर एक लावू नका. आम्लाने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, आणि मग ‘गुण येत नाही’ म्हणून पुन्हा वज्री हातात घेतली जाते.