नको असलेल्या भाषांच्या फायली: आधी नियम, मग सफाई

डेबियन 12 या लिनक्स-आधारित संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या एका जुन्या लॅपटॉपमधून नको असलेल्या भाषांच्या फायली काढण्याचे काम मी नुकतेच पुरे केले. या कामाबद्दल जिथे तिथे मिळणारा सल्ला एका ओळीचा असतो: लोकेल नावाचा फोल्डर उघडा आणि आपली भाषा सोडून बाकी सगळे पुसून टाका. या सल्ल्याचा मला अजूनही राग येतो, कारण कामाचा जो भाग खरोखर अडतो, त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

लॅपटॉप बाबांचा आहे. त्यातली 32 जीबी साठवण बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे ती बदलता येत नाही, आणि बाबांना सगळे मराठीत लागते. डेबियनमध्ये बहुतेक पॅकेजांबरोबर (प्रोग्रॅम बसवण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यांबरोबर) त्या प्रोग्रॅमची उपलब्ध असतील तेवढी सगळी भाषांतरे येतात आणि यूएसआर/शेअर/लोकेल या फोल्डरात जाऊन बसतात. तिथे मराठीचा फोल्डर ‘एमआर’, त्याच्या आत ‘एलसी_मेसेजेस’ आणि त्यात प्रत्येक प्रोग्रॅमची एकेक एमओ फाइल, म्हणजे भाषांतराची फाइल, अशी रचना असते. शेजारी जर्मन आणि जपानी असतात, इतकेच काय, लॅटिन लिपीतल्या सर्बियनचाही स्वतंत्र फोल्डर असतो. एकेक फाइल लहान असली तरी सगळ्यांची बेरीज काही शे एमबी भरते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांची भाषांतरे मात्र वेगळ्या पॅकेजांत असतात, त्यामुळे ती ॲप्टने (पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या साधनाने) सरळ काढता आली.

नुसते पुसणे का पुरत नाही, हे आधी समजून घ्यावे. कोणत्या पॅकेजाने कोणती फाइल कुठे ठेवली याची यादी डीपीकेजीकडे, म्हणजे पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमकडे असते. आपण हाताने फाइल पुसली तरी त्या यादीत ती राहते, तपासणीची आज्ञा दिली की ‘फाइल गहाळ’ अशी नोंद दिसते, आणि त्या पॅकेजाची नवी आवृत्ती आली की सगळ्या भाषा जशाच्या तशा परत येतात. डेबियनला सुरक्षा-सुधारणा सतत येत असतात, म्हणजे पुसलेली जागा थोड्याच दिवसांत पुन्हा भरू लागते.

यावर उपाय डीपीकेजीतच आहे. ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी या फोल्डरात एक साधी मजकूर-फाइल तयार करायची. तिच्यात पहिली ओळ ‘पाथ-एक्सक्लूड’ची, म्हणजे लोकेल फोल्डरातले सगळे वगळा, त्याखाली ‘पाथ-इन्क्लूड’च्या ओळी, म्हणजे मराठीचा फोल्डर आणि लोकेल.एलियस ही लोकेलांच्या पर्यायी नावांची फाइल ठेवा. क्रम उलटा करून चालत नाही, कारण एखाद्या फाइलला लागू पडणारा शेवटचा नियमच निर्णायक ठरतो. वगळण्याची ओळ खाली गेली तर मराठीही जाते.

खरी अडचण यानंतर आली. नियम लिहून झाला, पण मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलला नाही, कारण हा नियम यापुढे उलगडल्या जाणाऱ्या पॅकेजांनाच लागू होतो आणि आधीच डिस्कवर असलेल्या फायलींना तो हात लावत नाही. शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे लोकेल फोल्डर वापरणारी सगळी पॅकेजे पुन्हा बसवणे. त्यांची नावे डीपीकेजीला विचारली की एका दमात मिळतात; ती ॲप्टला दिली, तर उतरवलेली पॅकेजे ठेवायला पुरेशी मोकळी जागा नाही, असे उत्तर आले. जागा करण्यासाठीच जागा हवी होती! मग नावांचे लहान लहान गट पाडले, प्रत्येक गटानंतर ‘ॲप्ट क्लीन’ने उतरवलेली पॅकेजे पुसली आणि पुढचा गट घेतला. घरचे इंटरनेट मंद असल्यामुळे एकेका गटाला इतका वेळ लागू लागला, की फक्त काही फायली जाव्यात म्हणून अख्खी प्रणाली पुन्हा उतरवून घेणे मला पटेना.

अखेर मी तो मार्ग सोडला. नियम लागू झालेला असल्यामुळे पुसलेल्या फायली परत येण्याची वाट बंद झालेली होती, म्हणून आता हाताने पुसण्यात धोका उरला नव्हता. ‘फाइंड’ या फायली शोधणाऱ्या आज्ञेने आधी फक्त यादी छापून घेतली, तीत मराठी आणि लोकेल.एलियस नाहीत याची खात्री केली, आणि मगच तीच आज्ञा पुसण्यासाठी दिली. त्यानंतर एक लहान पॅकेज मुद्दाम पुन्हा बसवून पाहिले. लोकेलमध्ये त्याची फक्त मराठीची फाइल आली, तेव्हा फार समाधान वाटले. जागा कमी असेल तर पुन्हा बसवण्याच्या फेऱ्यात न पडता हाच क्रम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी जाईल याची भीती बाळगू नये. मूळ इंग्रजी वाक्ये प्रोग्रॅमच्या आतच असतात आणि भाषांतर सापडले नाही की तीच दिसतात. मराठी भाषांतर अपुरे असेल तिथे इंग्रजीऐवजी हिंदी हवी असल्यास ‘लँग्वेज’ या चलात (प्रणालीच्या एका सेटिंगमध्ये) आधी मराठी आणि मग हिंदी असा क्रम देता येतो. तसे करणार असाल तर हिंदीचा फोल्डर नियमात आधीच ठेवावा.

ईटीसी/लोकेल.जेन ही फाइल वेगळ्या कामाची आहे. तारीख, अंक आणि वर्णक्रम यांच्या व्याख्या तिच्यावरून तयार होतात. तिच्यातली मराठीची ओळ ‘एमआर_आयएन’ आणि त्यापुढे जागा सोडून ‘यूटीएफ-8’ अशी आहे, अमेरिकन इंग्रजीसारखे टिंब देऊन जोडलेले नाव तिथे नाही, त्यामुळे तसे नाव शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ‘लोकेल्स-ऑल’ हे पॅकेज बसवलेले असेल तर जगभरच्या या व्याख्या तयार स्वरूपात डिस्कवर असतात. ते काढून ‘लोकेल्स’ ठेवावे आणि लोकेल.जेनमधली हवी तेवढीच ओळ तिच्यापुढचे # चिन्ह काढून चालू करावी.

मॅन-पानांनाही (आज्ञांच्या मदत-पानांनाही) असाच नियम लावता येतो, फक्त ‘मॅन1’ ते ‘मॅन9’ हे फोल्डर ठेवावेत, कारण इंग्रजी पाने तिथेच असतात. देवनागरीचे फाँट आणि टंकनाची साधने यांना मात्र हात लावू नये. मराठी वाचणे-लिहिणे त्यांच्यावर अवलंबून आहे, या भाषांतरांवर नाही. पुढे गुजराती हवी झाली, तर तिची पाथ-इन्क्लूडची ओळ वाढवून लागतील तेवढीच पॅकेजे पुन्हा बसवावीत.