‘कृषी’चं ‘कृपी’ का होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे: संगणकावर देखणं दिसलेलं जाड-बारीक अक्षर कृषी केंद्राच्या बोर्डावर चढलं, की फाट्यावरून ‘कृपी’ का वाचलं जातं?

‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ हरवते म्हणून. तिरप्या कापाच्या बोरूने, म्हणजे वेताच्या लेखणीने, देवनागरी लिहिली, की वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ सगळ्यांत बारीक येते. ‘ष’ची रेघ नेमकी तशी, ‘ब’चीही तशीच. ती गेली की ‘बियाणे’चं ‘वियाणे’ होतं. ठळक जाड-बारीक फॉन्टांत हा फरक मुद्दाम ताणलेला असतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन पाहा. फुकट मिळतो आणि फार सुंदर आहे. रोमन अक्षरांची ही जात १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठीच घडली. एक-दोन मोठे शब्द, बस.

बोर्डाचं माप बारीक रेघेवरून काढा. धडधाकट डोळ्याला १० मीटरवरून सुमारे ३ मिलिमीटरची रेघ जेमतेम कळते. ३० मीटरवरच्या फाट्यासाठी ९ मिलिमीटर हवी, आणि धावत्या मोटारसायकलवरून वाचायचं असेल तर दुप्पट धरा. बारीक रेघ अक्षराच्या उंचीच्या चाळिसाव्या हिश्श्याची असेल, तर ९ मिलिमीटरसाठी अक्षर ३६ सेंटिमीटर उंच लागतं. तेवढी जागा नसेल तर साधा जाड फॉन्ट घ्या.

जागेत बसवायला अक्षर वरून दाबू नका. दाबल्यावर आडव्या रेघा आणखी पातळ होतात, काने मात्र तेवढेच जाड राहतात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच रंगाची आउटलाइन, म्हणजे कडेची रेघ, देऊन रेघ वाढवता येते: ४ मिलिमीटर दिली की दोन्ही बाजूंनी २-२ वाढते. पण ‘ष’चं पोट भरत नाही ना, ते बघा. विनाइल कटिंगमध्ये, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या पत्र्यातून अक्षरं कापताना, अशा केसासारख्या रेघा जादाचा विनाइल सोलतानाच उचकटून येतात. ग्लो साइनमध्ये, म्हणजे आतून दिवा लावलेल्या बोर्डात, पांढऱ्यावर काळं अक्षर असेल, तर मागचा उजेड या रेघा गिळतो.

छपाईआधी ९ फुटी बोर्ड दहाव्या हिश्श्याएवढा लहान करून आडव्या ए-फोरवर काढा, भिंतीला लावा आणि ३ मीटरवरून वाचा. ३० मीटरवरून बोर्ड असाच दिसणार आहे. वाचायला मात्र ज्याला मजकूर माहीत नाही असा माणूस उभा करा. आपल्याला माहीत असलेला शब्द आपण पुसट असला तरी वाचतोच.

हे अक्षर खरं शोभतं ते झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाच्या पोस्टरवर. वडसा गावच्या नाटक मंडळीचं नाटक असो की गावच्या मंडईचा, म्हणजे जत्रेचा, कार्यक्रम, नाटकाचं नाव या अक्षरात कागदभर बसू द्या. कलावंतांची नावं, तारीख आणि तिकिटाचा दर साध्या जाड फॉन्टमध्ये. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, पत्रकावरही तसंच: ‘शंकरपट’ एवढा एकच शब्द यात, बक्षिसाचे आकडे यात कधीच नकोत.